झोळीची स्प्रिंग, मिठाचे पुडे आणि हरवलेलं वस्तुमान

ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या घरांत हॉलमध्ये झोपाळा असतो आणि घोडबंदरकडच्या फ्लॅटमध्ये बाळ आलं की छताच्या कडीला स्प्रिंगची झोळी लागते. झोपाळ्यावर एक जण बसो नाहीतर तिघं, झोका जवळपास तेवढ्याच वेळात परत येतो. झोळीतलं बाळ मात्र महिन्याचं असताना टुणटुण उडतं आणि वर्षाचं झालं की संथ डुलायला लागतं. बारावीतल्या भाचीने विचारलं, "मामा, स्प्रिंगच्या सूत्रात वस्तुमान आहे, लोलकाच्या सूत्रात नाही. मग ते गेलं कुठे?" लोलक म्हणजे झोपाळ्यासारखं, दोरीला टांगून झुलणारं वजन. म्हटलं, पाठ करण्यापेक्षा मोजून बघू. एका रविवारच्या दुपारचं काम आहे.

झोळीची स्प्रिंग आमच्या माळ्यावर पडलेलीच होती. नसेल तर जांभळी नाक्याच्या बाजारात शोधा. ती किती किलो वजन पेलते ते घेतानाच विचारून ठेवा. त्याशिवाय एक-एक किलोचे मिठाचे १६ पुडे, जाड कापडी पिशवी, सुतळी, झाकणाच्या दोन सारख्या छोट्या डब्या आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. (१६ पुडे मागितल्यावर किराणावाला लोणच्याची चौकशी करतो, त्याची तयारी ठेवा.) पाण्याचा कॅन टांगू नका. पाणी आत डचमळतं आणि मोजणी बिघडते.

आधी स्प्रिंग. ती झोळीच्याच कडीला लावा, पंख्याच्या हुकाला नको. खाली गादी टाका आणि घरातली लहान मुलं लांब ठेवा. पिशवीत ४ पुडे घालून टांगा. एका पुड्याने सुरुवात करायचा मोह होतो, पण झोळीच्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना घट्ट चिकटून असतात आणि थोडं वजन पडल्याशिवाय सुटतच नाहीत. हलक्या पिशवीला वर जाताना वेढे खट्‌कन आपटतात, आणि तसं झालं की ती सरल आवर्त गती (ताणाच्या प्रमाणात मागे ओढली जाणारी लयबद्ध हालचाल) राहत नाही.

पिशवी स्थिर झाली की तिच्या तळाच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. मग ती तीनेक बोटं सरळ खाली ओढून अलगद सोडा. सोडताना ढकलू नका. ती बाजूला झुलायला लागली तर थांबवून पुन्हा सोडा. तळ खुणेवरून खाली जाईल त्या क्षणी घड्याळ चालू करायचं आणि तोंडाने म्हणायचं "शून्य". तळ पुन्हा तिथूनच खाली जाईल तेव्हा एक दोलन पूर्ण. इथेच निम्मे लोक फसतात. "एक" म्हणून सुरुवात केली की २० म्हणताना खरी दोलनं १९च झालेली असतात. भाचीच्या पहिल्या तीन मोजण्या अशाच फुकट गेल्या. आणि मोजायचं ते खुणेपाशीच; वरच्या-खालच्या टोकाला पिशवी रेंगाळते, तिथे नेमका क्षण पकडता येत नाही.

आमचे आकडे असे आले. ४ पुड्यांना २० दोलनांसाठी १३.३ सेकंद, ८ पुड्यांना १८.३, १६ पुड्यांना २५.५. पिशवी तीनाऐवजी चार बोटं ओढून पाहिली, तरी वेळ तोच. वजन चौपट झालं आणि वेळ दुपटीच्या आसपास गेला. म्हणजे दोलनकाल, एका दोलनाला लागणारा वेळ, वस्तुमानाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. सूत्र हेच सांगतं: वस्तुमानाला स्प्रिंगच्या ताठरपणाने भागा, वर्गमूळ काढा, २π ने गुणा.

पण चोख दुप्पट का नाही? १३.३ ची दुप्पट २६.६ होते, आम्हाला २५.५ मिळाले. भाची म्हणाली, "मोजायला चुकलो." चुकलो नव्हतो. एका दोलनाच्या वेळेचे वर्ग काढा: ०.४४२, ०.८३७, १.६२६. पहिला फरक ०.३९५, दुसरा ०.७८९. चार किलोला जेवढी वाढ, आठ किलोला बरोबर दुप्पट. वस्तुमान आणि हे वर्ग यांचा आलेख सरळ रेषेचा. फक्त ती रेषा शून्यातून जात नाही. मागे ओढून पाहिली तर सुमारे अर्धा किलो जास्तीचं वस्तुमान निघतं, जे आम्ही धरलंच नव्हतं: पिशवी, हुक आणि स्प्रिंगचं स्वतःचं. स्प्रिंगचं खालचं टोक पिशवीइतकं हलतं, वरचं हलतच नाही. म्हणून तिच्या वस्तुमानाचा एक तृतीयांश भागच हिशेबात येतो. मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो हा अर्धा किलो.

लोलकाचं काम पटकन होतं. एका डबीत गहू ठासून भरा, दुसरीत नाणी. टांगलेल्या जागेपासून डबीच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर सुतळी ठेवा आणि थोडंसंच बाजूला नेऊन सोडा. दोन्हींना २० हेलकाव्यांना (जाऊन परत आलं की एक) ४० सेकंदांच्या जरा वर लागतात. गव्हाची कल्पना माझी नाही. न्यूटनने सोनं, चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू असे नऊ पदार्थ सारख्या लाकडी डब्यांत भरून ११ फुटांच्या दोऱ्यांना टांगले होते. १६८७ साली छापलेल्या ग्रंथात त्याने हे लिहून ठेवलंय.

आता भाचीचा प्रश्न. स्प्रिंग किती जोराने ओढणार हे तिच्या ताणावर ठरतं. खाली मीठ चार किलो आहे की सोळा, याच्याशी तिला घेणंदेणं नाही. ओढ तेवढीच आणि हलवायचा माल चौपट, म्हणून चाल मंदावते. लोलकाला ओढते पृथ्वी, आणि तिची ओढ वस्तुमानाच्या प्रमाणातच असते. माल दुप्पट तर ओढही दुप्पट. समीकरणात वस्तुमान दोन्ही बाजूंना येतं आणि कटतं. उरते ती फक्त लांबी आणि गुरुत्वत्वरण, जे आपल्याकडे सुमारे ९.७९ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. झोपाळ्यावर उभं राहिल्यावर झोका किंचित लवकर येतो तो वजनामुळे नव्हे. गुरुत्वमध्य वर सरकतो आणि लोलक आखूड होतो.

स्प्रिंगला वस्तुमान कळतं, म्हणजे तिचा काटाही करता येतो. १९७३ मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकात अंतराळवीरांचं वस्तुमान असंच मोजत. वजनरहित अवस्थेत साधा काटा चालत नाही, म्हणून त्यांना स्प्रिंगच्या खुर्चीत बसवून खुर्ची हेलकावू देत आणि दोलनकाल घेत.

आमच्याकडे अंतराळवीर नव्हता, रद्दी होती. गठ्ठा पिशवीत घालून टांगला. २० दोलनांना २१.६ सेकंद. म्हणजे एकाला १.०८, वर्ग १.१६६. आमच्या आलेखात दर किलोला ०.०९८६, तेव्हा भागून आले ११.८ किलो, त्यातून तो अर्धा किलो वजा केला की ११.३. स्टॉपवॉचवर बोट जरा मागेपुढे पडलं तरी चूक पाव किलोच्या आतच. तेवढ्यात रद्दीवाला आला. त्याच्या काट्याने १० दाखवले, म्हणून मी त्याला आत बोलावून पुन्हा मोजून दाखवायला लागलो. त्याने वरखाली होणाऱ्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या मोबाइलकडे, आणि आवाज खाली आणून विचारलं, "काका, बाळ झोपलंय का?"