पांढऱ्या पंगतीला पहिल्यांदा जाताना

नेरूळच्या मैत्रिणीच्या सोसायटीत ‘व्हाइट डिनर’ आहे, असा मेसेज आला तेव्हा वाटलं, पांढरा ड्रेस घालायचा आणि जेवून यायचं. पुढे वाचलं तर टेबल आपलं, खुर्च्या आपल्या, ताटं आपली आणि जेवणही आपलंच. ‘‘मग ते काय देणार?’’ आईने विचारलं. जागा देणार, आणि शेजार.

या प्रकाराचं मूळ पॅरिसचं. १९८८ मध्ये फ्रांस्वा पास्किए यांनी मित्रमंडळींना ब्वा द बुलोन या मोठ्या उपवनात जेवायला बोलावलं आणि गर्दीत एकमेकांना ओळखता यावं म्हणून पांढरे कपडे घालून यायला सांगितलं. त्याचंच पुढे ‘दिने आं ब्लां’ झालं. जागा शेवटच्या घटकेपर्यंत गुपित, सगळ्यांनी हवेत रुमाल फिरवले की जेवण सुरू, आणि उठताना कचऱ्याचा कागदही मागे ठेवायचा नाही. आपल्याकडे सोसायटीच्या पोडियमवर किंवा गच्चीत होतं ते याचंच घरगुती रूप. तिथे जागेचं गुपित कसलं, लिफ्टमध्येच सगळं कळतं.

आधी आमंत्रण नीट वाचा. टेबल आपण न्यायचं की मिळणार? स्वयंपाक एकत्र की आपापला? माणशी किती जागा? मी हे विचारलं नव्हतं, म्हणून कॅरमचा स्टँड आणि त्यावर प्लायवूड असा थाट झाला. चादर मोठी होती, म्हणून निभावलं. घडीचं टेबल घ्यायचं तर साधारण अडीच फुटी चौकोनी पुरे. दोन माणसं समोरासमोर बसतात आणि रांगेत टेबलं जुळतात.

कपडे. पांढरा म्हणजे पांढराच. मोतिया आणि क्रीम रंग घरात पांढरे दिसतात, पण शंभर माणसांत पिवळट वाटतात. आदल्या दिवशी खिडकीपाशी, दिवसाउजेडी बघा. नवं काही घ्यायची गरज नाही. नीळ दिलेला सुती कुर्ता किंवा जरीकाठ नसलेली पांढरी साडी चालते. आतले कपडे अंगाच्या रंगाचे हवेत, पांढरे उलट उठून दिसतात. आईने मला उंबऱ्यातच अडवलं होतं, ‘‘एवढं पांढरं घालून कुठे, मयताला?’’ मोगऱ्याचा गजरा माळला आणि मोत्याच्या कुड्या घातल्या, तेव्हा तिची समजूत पटली. गजराही पांढराच, म्हणजे नियमातही बसतो.

चपला सपाट घाला. लॉनवर टाच रुतते.

जेवण. खरी परीक्षा इथे. मूळ प्रकारात तांबडी वाइन सहसा टाळतात, कारण उघड आहे. आपल्याकडे तिच्या जागी हळद येते. रस्सा, आमटी, पाव-भाजी, सगळं घरीच ठेवा. सोलकढीसुद्धा नको, हे मी कोकणातली असून सांगतेय. दहीभात, साबुदाण्याची खिचडी, इडली आणि ओल्या नारळाची चटणी, उकडीचे मोदक, श्रीखंड (केशराविना) एवढ्यात पोट भरतं आणि डागही पडत नाहीत. प्यायला ताक किंवा शहाळं न्या. सार्वजनिक जागी दारू नेण्याआधी आयोजकांना परवानगीचं विचारा. ताटं काचेची किंवा स्टीलची न्या, कागदी नकोत. ती वजनाला जड पडतात, म्हणून प्रत्येकाच्या हाती एक पिशवी द्या.

जायचं कसं. ठाण्याहून नेरूळला संध्याकाळच्या ट्रान्स-हार्बर लोकलने पांढऱ्या कुर्त्यात घडीचं टेबल घेऊन जाऊ नका. ऐरोली येईपर्यंत कुर्ता पांढरा राहत नाही, आणि टेबल ज्याच्या पायावर पडेल तो काय म्हणेल ते वेगळंच. दोन घरांनी मिळून गाडी करा. नाहीतर साध्या कपड्यांत जा आणि मैत्रिणीच्या घरी बदला.

तारखेचंही बघा. जून ते सप्टेंबर विसरा. ऑक्टोबरमध्ये उकाडा असतो, पण कोजागरीची रात्र या पंगतीला जणू मापाची आहे. चांदणं, आटवलेलं दूध आणि पांढरे कपडे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुखाची असते, मात्र डास भेटतातच. घोट्यांना मलम लावा. खाडीच्या वाऱ्यात मेणबत्ती टिकत नाही, सेलवरच्या न्या.

बसलात की शेजारच्या टेबलाकडे आधी वाटी सरकवा. आपलं आपण खाऊन निघायचं असेल तर घरी काय वाईट होतं? माझ्या डाव्या हाताच्या काकूंनी दिलेल्या निनाव नावाच्या गोड पदार्थाची तक्रार एवढीच की तो तपकिरी होता. त्या म्हणाल्या, ‘‘चव बघ, रंग विसरशील.’’ खरंच विसरले.

उठताना खरकटं, पाण्याच्या बाटल्या, शेवटी लावलेल्या फुलबाज्यांच्या तारा, सगळं आपल्याच पिशवीत भरा. तारा पाण्यात बुडवून मगच गुंडाळा, त्या बराच वेळ गरम राहतात.

आणि एवढं करूनही हळद लागलीच तर लगेच साबण लावू नका. साबणाने हळदीचा डाग लाल होतो. आधी थंड पाण्याने धुवा आणि सकाळी कडक उन्हात वाळत घाला, ऊन हळदीचा रंग उडवतं. माझ्या कुर्त्याच्या बाहीवरचा ठिपका तिसऱ्या दिवशी दोरीवरच गेला.