डेटाबेस घ्यायचा की लॉगिन सांभाळणारं सॉफ्टवेअर? या चुका टाळा

नाशिकजवळ सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि पिंपळगाव-दिंडोरीच्या पॅकहाउसमध्ये (शेतमाल निवडून पेटीत भरायच्या जागी) मला एकच मागणी ऐकू येते: "आम्हाला एक चांगला डेटाबेस टाकून द्या." त्रास काय होतोय, असं विचारलं की उत्तर येतं: नोकरी सोडून गेलेल्याला अजून रेट दिसतात, बिल कोणी बदललं ते कळत नाही, रात्रपाळीची पोरं पगाराची शीट उघडतात. यातलं एकही दुखणं डेटाबेसचं नाही.

डेटाबेस माहिती साठवतो, हवी ती पटकन शोधून देतो आणि दोघांनी एकाच वेळी नोंद केली तरी घोळ होऊ देत नाही. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर हे त्यातले. एन्ट्रा आयडी, ओक्टा, कीक्लोक किंवा ऑफिसच्या सर्व्हरवरची ॲक्टिव्ह डिरेक्टरी यांचं काम वेगळं: समोरचा माणूस कोण, त्याला काय उघडू द्यायचं आणि तो गेला की सगळीकडून त्याला कसं बंद करायचं. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. कीक्लोकला तर स्वतःचे युजर ठेवायलाही पोस्टग्रेससारखा डेटाबेस लागतो. त्यामुळे खरा प्रश्न आधी पैसे कशावर घालायचे, हा आहे.

माझी सवय अशी की कोटेशन बघण्याआधी तक्रारी कागदावर लिहून घ्यायच्या. "सापडत नाही, हळू चालतं, एंट्री दोनदा पडते" असं असेल तर डेटाबेस बघायचा. "कोणी केलं, कोणाला दिसतं, अजून आत कोण आहे" असं असेल तर लॉगिनचं काम आधी. आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांत दुसरी यादी जवळजवळ नेहमीच लांब निघते.

सगळ्यांना एकच लॉगिन

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून सविस्तर सांगतो.

पिंपळगावच्या बाजूचं एक द्राक्ष निर्यातीचं पॅकहाउस. फेब्रुवारी, कंटेनर भरायची घाई. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा माग अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर बागेच्या नोंदणीपर्यंत लागावा लागतो, त्यामुळे कोणती पेटी कोणत्या प्लॉटची याची नोंद पॅकहाउसच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्येही चोख लागते. तिथे एका पॅलेटचा प्लॉट नंबर नोंद झाल्यानंतर कोणीतरी बदलला होता. एका शेतकऱ्याचा माल दुसऱ्याच्या नावावर गेला. मालकांनी वजनकाट्यावरच्या मुलाला विचारलं, सुपरवायझरला विचारलं, ऑफिसातल्या ताईंना विचारलं. प्रत्येकजण म्हणाला, मी नाही. आणि ते खोटं ठरवायला काहीच साधन नव्हतं, कारण सगळे 'ॲडमिन' नावानेच आत जात होते आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला होता.

टेबलावर एका महागड्या डेटाबेसचं कोटेशन पडलं होतं. मालक म्हणाले, "सर, यात ऑडिट आहे. कोणी काय बदललं, सगळं दिसतं म्हणे."

मी विचारलं, "भाऊ, त्या ऑडिटमध्ये नाव कोणाचं उमटेल?"

"जो बदल करेल त्याचं."

"आणि बदल करणारा कोणत्या नावाने आत जातो?"

"ॲडमिन," ते म्हणाले, आणि कोटेशन बाजूला सरकवलं.

डेटाबेस बदलला नाही. होता तो मायएसक्यूएल त्या कामाला पुरेसा होता. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन दिलं. नोंद झालेला प्लॉट नंबर बदलायचा अधिकार फक्त सुपरवायझरकडे ठेवला. हंगामी माणसांची खाती एप्रिलअखेर आपोआप बंद होतील अशी तारीख टाकली. आणि एक गोष्ट मुद्दाम करून घेतली, जी बहुतेक ठिकाणी राहून जाते. असं सॉफ्टवेअर डेटाबेसशी सहसा स्वतःच्या एकाच खात्याने बोलतं. म्हणजे दहा जणांना दहा लॉगिन दिली तरी डेटाबेसच्या ऑडिटमध्ये तेच एक नाव दहा वेळा येतं. म्हणून प्रत्येक बदलासोबत आत असलेल्या माणसाचं नाव, वेळ आणि बदलाआधीची नोंद सॉफ्टवेअरने स्वतः वेगळ्या टेबलात (डेटाबेसमधल्या तक्त्यात) लिहायला हवी. हे प्रोग्रॅमरकडून लेखी कबूल करून घ्या.

विरोध झालाच. हातात ग्लोव्हज, समोर माल, पासवर्ड कोण टाकत बसणार? अडचण खरी होती, म्हणून काट्यावर कार्ड टेकवून आत जायची सोय केली. पण "आत्तापुरतं एकच राहू द्या, सीझननंतर बघू" हे मी ऐकून घेत नाही. सीझन संपला की ते कोणीच बघत नाही.

हेच हिशेबालाही लागू आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद न करता येणारा एडिट लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, सक्तीचा आहे. तिघं अकाउंटंट एकाच युजरने काम करत असतील तर त्या लॉगमधून नेमका माणूस कसा सापडणार?

प्रत्येक सॉफ्टवेअरचं घरगुती लॉगिन

नवा प्रोग्रॅमर डेटाबेसमध्ये युजर नावाचं टेबल करतो, त्यात पासवर्डचा रकाना ठेवतो आणि लॉगिन झालं म्हणतो. पासवर्ड तसाच्या तसा लिहिलेला, नाहीतर एमडी-५ या जुन्या पद्धतीने रूप बदलून ठेवलेला. एमडी-५ पासवर्डसाठी कधीच वापरू नये. ते फार वेगवान आहे, त्यामुळे टेबल चोरीला गेलं तर अंदाज करून करून पासवर्ड काढणं सोपं जातं. बीक्रिप्ट आणि आर्गॉन-२ या त्याच कामाच्या पद्धती मुद्दाम संथ बनवलेल्या आहेत, ते यासाठीच.

त्याहून मोठं नुकसान माणूस सोडून जातो तेव्हा होतं. अंबडच्या एका फॅब्रिकेशन कारखान्यातला खरेदीचा माणूस राजीनामा देऊन स्पर्धकाकडे गेला. त्याचा ईमेल त्याच दिवशी बंद केला, डिस्पॅच आणि हजेरीचं खातंही बंद केलं. कोटेशनच्या सॉफ्टवेअरचं लॉगिन वेगळ्या टेबलात होतं, ते कोणाच्या लक्षातच आलं नाही. हातची दोन-तीन कामं थोडक्या फरकाने जायला लागली, तेव्हा कुठे शोध सुरू झाला. प्रामाणिक मालकाचं असं नुकसान बघवत नाही.

उपाय: युजरची ओळख एका जागी ठेवा आणि बाकीच्या सॉफ्टवेअरना ओपनआयडी कनेक्ट किंवा सॅमल (एका लॉगिनने अनेक ठिकाणी आत जायच्या ठरलेल्या पद्धती) वापरून तिथेच विचारायला लावा. ऑफिसात गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर ती जागा तुमच्याकडे आधीच आहे, तीच वापरा. नवं सॉफ्टवेअर घेताना "या लॉगिनने आत जाता येईल का?" हा माझा पहिला प्रश्न असतो. नाही म्हटलं तर पुढचा डेमो बघत नाही.

कीक्लोक फुकट मिळतं, चालवणं फुकट नसतं. व्हिडिओ बघून संध्याकाळी डेव्हलपमेंट मोडमध्ये, म्हणजे फक्त चाचणीसाठीच्या पद्धतीने, सुरू केलेलं कीक्लोक सकाळी अख्ख्या कंपनीला जोडलेलं मी पाहिलं आहे. त्या मोडमध्ये आतला चाचणीपुरता डेटाबेस असतो आणि एचटीटीपीएसची (वाटेत कोणी वाचू नये म्हणून माहिती गुप्त करून पाठवण्याची) सक्ती नसते. अपडेट टाकायला ठरलेला माणूस नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

बाकीच्या, थोडक्यात

एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस फुकट आहे, पण २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे आणि वेळेवर कामं चालवणारा एजंट नाही. बॅकअप आपोआप होतो असं समजू नका, टास्क शेड्युलरमध्ये स्वतः लावा.

डेटाबेसचा पोर्ट (बाहेरून जोडणी घेणारं दार) इंटरनेटवर उघडा ठेवू नका. घरून काम करायचं असेल तर व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित खासगी वाट) घ्या.

सगळे ओटीपी मालकाच्या मोबाइलवर नकोत. ते लग्नात असले की काम थांबतं, आणि वैतागून ते फोनवर ओटीपी सांगायला लागतात.

लॉगिन तपासणारा सर्व्हर बंद पडला तर तुम्हीही बाहेरच राहता. आणीबाणीचं एक वेगळं खातं ठेवा, त्याचा पासवर्ड बंद पाकिटात तिजोरीत. ओळख क्लाउडवर असेल तर इंटरनेटच्या दोन लाइन हव्यात, दोन वेगळ्या कंपन्यांच्या.

कामगारांचं आधार आणि बँक खातं ज्या टेबलात आहे ते सगळ्यांना उघडं नको. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या हलगर्जीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

विकणारा माणूस आला की स्लाइड बाजूला ठेवून मी त्याला दोन गोष्टी करायला लावतो. डेटाबेसवाल्याने कालच्या बॅकअपमधून एक हटवलेलं बिल परत आणून दाखवायचं. लॉगिनवाल्याने एक युजर बंद करायचा, आणि त्याच युजरच्या उघड्या स्क्रीनवर काम किती वेळ चालू राहतं ते आपण घड्याळ लावून बघायचं. आधी दिलेलं टोकन (लॉगिन झाल्यावर मिळणारा डिजिटल पास) सहसा मुदत संपेपर्यंत चालतं, त्यामुळे खातं बंद झालं तरी माणूस काही वेळ आत राहू शकतो. ती मुदत किती ठेवायची ते पैसे देण्याआधी ठरवून घ्या.