+= ने लिस्ट परस्पर बदलते, पायथन शिकणाऱ्यांनी आधी हे बघा

लूप, फंक्शन, लिस्ट येतं हे धरून चालतोय, ते शिकवत बसत नाही. फक्त += बद्दल बोलायचंय, कारण याच्यात एरर येत नाही, आकडे गुपचूप चुकतात.

सगळे क्लासवाले सांगतात क += ख म्हणजे क = क + ख. नंबर, स्ट्रिंगपुरतं चालून जातं. लिस्टला साफ खोटं. स्वतः टाइप करून बघा (पायथन 3 मधे देवनागरी नावं चालतात, खरंच):

जुनी = [10, 20]
नवी = जुनी
नवी += [30]

आता जुनी बघा, [10, 20, 30]. तिला तर हातही लावला नव्हता! शेवटची ओळ नवी = नवी + [30] केली असती तर जुनी जशीच्या तशी राहिली असती. + वेगळी लिस्ट बनवून देतो, += आहे त्याच लिस्टमधे भर घालतो. आणि नवी = जुनी ने कॉपी होतच नाही हो, घरी बाळ्या आणि दाखल्यावर बाळकृष्ण, पोरगं एकच.

मला याने पहिल्या जॉबला रडवलं. बिलाच्या ओळींची लिस्ट मेमरीत कायम असायची, फंक्शन तिच्यावर ओळी += [जीएसटी] करायचं, म्हणजे पेज रिफ्रेश केलं की जीएसटी अजून एकदा, परत केलं की परत, आणि मी आपला डेटाबेसवर संशय घेऊन रात्री जागतोय. सिनियर म्हणाला सगळीकडे डीपकॉपी (आतल्या सगळ्यासकट पूर्ण वेगळी कॉपी) टाक. असले सल्ले ऐकू नका, दुखणं झाकलं जातं आणि कोड स्लो होतो तो वेगळाच. ओळी = ओळी + [जीएसटी] एवढ्याने भागलं.

घाबरू नका, हा बग नाहीये. 2000 साली पायथन 2.0 मधे += आला तो असाच, जागच्या जागी बदलता यावं म्हणून. संशय आला की दोन्ही नावांचा आयडी (id() देतं तो ओळख नंबर) प्रिंट करा, सेम आला तर लिस्ट एकच आहे. नमपाय (आकड्यांच्या अ‍ॅरेंसाठीची लायब्ररी) वापरणाऱ्यांनी जास्त सांभाळा, तिथे अ या अ‍ॅरेचा अ[:3] असा तुकडा (स्लाइस) घेऊन त्यावर += 1 केलं तरी मूळ अ बदलतो, साध्या लिस्टचा स्लाइस निदान वेगळा तरी मिळतो.

टपलमधे (लिस्टसारखंच, पण एकदा बनवलं की बदलता येत नाही) तर कहर आहे. ट = ([1],) करून ट[0] += [2] चालवा, टाइपएरर येईल. तरी ट प्रिंट करून बघा, 2 आत जाऊन बसलेला असतो.