चोवीस तास घरी राहणाऱ्या ताईंशी नीट जमावं म्हणून

चोवीस तासांची बाई ठेवायची वेळ बहुतेक घरांवर अडचणीतच येते. आई बाथरूममध्ये पडते, खुब्याचं ऑपरेशन होतं, मुलाची-सुनेची रजा संपत आलेली असते. ब्युरोला फोन जातो आणि दुसऱ्या दिवशी नांदेड-परभणीकडची एखादी बाई पिशवी घेऊन दारात उभी राहते. पगाराचा आकडा सोडला तर काहीही ठरलेलं नसतं, आणि पुढच्या कुरबुरी तिथूनच निघतात. धुण्याभांड्याच्या मावशी काम संपलं की चप्पल घालून निघतात. राहणाऱ्या ताईंचं काम संपतं कधी, हेच कुणाला माहीत नसतं. म्हणून साडी-चोळी, गोड बोलणं हे सगळं नंतर. आधी त्यांचा वेळ आणि त्यांची जागा ठरवा.

१. काम तोंडी नको, कागदावर

एका पानावर लिहा. आजींची अंघोळ, औषधं, डायपर, फिरवणं, त्यांचा स्वयंपाक हे ताईंकडे. केर-फरशी कुणाकडे? घरातल्या सगळ्यांच्या पोळ्या? 'वरचं काम' असं मोघम लिहू नका, कारण त्यात कुंड्यांना पाणी घालण्यापासून नातवाला बसस्टॉपवर सोडण्यापर्यंत काहीही बसतं. पगार किती, कोणत्या तारखेला, ब्युरोचं कमिशन कोण देणार, खाडा झाला तर कापणार का, हेही त्यातच येऊ द्या. ताईंना वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा आणि त्यांच्या मोबाइलमध्ये पानाचा फोटो काढून द्या.

घरातल्या एकाच माणसाने काम सांगायचं हेही तेव्हाच ठरवून टाका. वहिनी म्हणतात आधी भाजी चिरा, आजी म्हणतात पाय चेपून दे, दादांना चहा हवा असतो. आणि शेवटी बोलणी ताईंनाच बसतात.

२. झोपायची जागा

हॉलमध्ये गादी टाकून सोय केली की टीव्ही बंद होईपर्यंत ताईंना आडवं होता येत नाही, आणि सकाळी दूधवाल्याच्या बेलला उठावंच लागतं. वेगळी खोली सगळ्यांकडे नसते, हे खरं. पण पेशंटच्या खोलीत एक कॉट, मध्ये पडदा, हाताशी चार्जिंगचा प्लग आणि किल्ली असलेला एक कप्पा इतकं दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही जमतं. किल्ली एकच असावी, ती त्यांच्याकडे. बाथरूम कोणतं वापरायचं, पाळीच्या दिवसांत पॅड कुठे टाकायचे, हे घरातल्या बाईने पहिल्याच संध्याकाळी सांगावं. ताई आपणहून विचारणार नाहीत.

जेवणाचंही तसंच. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या बाईचं पोट दोन फुलक्यांनी भरत नाही, आणि तिसरा मागायला नव्या घरात संकोच वाटतो. पिठाचा डबा दाखवा आणि हवी तेव्हा भाकरी टाका म्हणून सांगा. कप-ताट वेगळं ठेवायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे, चांगल्या शिकलेल्या घरांतही. जिच्या हातचं आजी जेवतात तिचा कप वेगळा, याला काहीही अर्थ नाही.

३. दुपारचे दोन तास

माझ्या मते सगळ्यात जास्त संबंध बिघडतात ते इथे. वरवर पाहिलं तर ताई दुपारी 'मोकळ्याच' असतात. जेवणं उरकून दीडला पाठ टेकतात. पावणेदोनला कुरिअर येतं. सव्वादोनला आजींना पाणी हवं असतं. अडीचला शेजारच्या काकू किल्ली मागायला येतात आणि तीनला ऑफिसातून फोन येतो, 'ताई, जरा इस्त्रीवाल्याला कपडे देता का?' एकेक काम दोन मिनिटांचं, पण विश्रांती काही होत नाही. रात्री आजी तीनदा उठत असतील तर ही बाई तेवीस तास जागीच आहे असं समजा.

पुण्यातली दुकानं एक ते चार बंद असतात म्हणून आपण थट्टा करतो; घरात मात्र ती पुणेरी पाटी खुशाल लावा. दोन तास ठरवा, त्या वेळात बेल दुसऱ्याने उघडायची आणि फोन करायचा नाही. रात्रीही एक वेळ ठरवा, समजा साडेनऊ. त्यानंतर पेशंटची गरज सोडून दुसरं काम नाही. पाहुणे दहाला आले तर चहा घरातल्यांनी टाकावा.

आठवड्याची सुट्टी हा पुढचा प्रश्न. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. त्यात आठवड्याला सलग २४ तास विश्रांती सांगितली आहे, आणि सुट्टीच्या वेळात राहत्या कामगाराला घरातच थांबायला लावता येणार नाही असंही म्हटलं आहे. भारताने त्या कराराला मान्यता दिलेली नाही, पण घरापुरता तो पाळायला कुणाची परवानगी लागत नाही. बदलीची बाई मिळत नसेल तर रविवार घरातल्यांनी वाटून घ्यावा. पेशंटला उचलणं म्हणजे काय असतं तेही मग कळतं.

४. पैसे

पगार बँकेत टाका, तोही ताईंच्या स्वतःच्या खात्यात. नवऱ्याच्या किंवा भावाच्या खात्यात टाकायचा आग्रह झाला तरी एकदा ताईंना एकटीला विचारा. खातं नसेल तर जनधन खातं शून्य शिलकीवर उघडता येतं.

उचल मागितली जाणारच. मुलीचं लग्न, शाळेची फी, पावसाळ्याआधी पत्रे बदलणं. द्यायची की नाही हे तुम्ही ठरवा, पण दिली तर वहीत तारीख, रक्कम, महिन्याला किती कापायचं आणि दोघांच्या सह्या हव्यात. निम्म्याहून जास्त पगार कापू नका. गावी काहीच पोचलं नाही तर ताईंचं मन कामात राहत नाही. फिटलेली उचल लाल शाईने खोडून दाखवा. दिवाळीला एका महिन्याचा पगार बोनस द्यायची रीत आहे. घरातले जुने कपडे हा बोनस नव्हे.

५. संशय येण्याआधीच

आजींना विसराळूपणा असेल तर एक दिवस 'हिनं माझ्या पाटल्या घेतल्या' हे येणारच. डिमेन्शियात असे आरोप नेहमीचे असतात. म्हणून ताई येण्याआधीच दागिने लॉकरमध्ये हलवा आणि आजींच्या अंगावर जे राहील त्याचा फोटो काढून ठेवा. आरोप झालाच तर ताईंसमोर आजींशी वाद घालू नका. 'मी बघते हं' म्हणून विषय बदला आणि बाहेर येऊन ताईंना स्पष्ट सांगा, 'हा आजार बोलतोय, तुम्ही मनावर घेऊ नका.' हे सांगायला उशीर झाला तर चांगली बाई त्याच रात्री पिशवी भरते.

नोटा मुद्दाम बाहेर ठेवून पारख करणं बंद करा. ते लगेच कळतं. कॅमेरा असेल तर कुठे आहे ते दाखवा, आणि त्या कपडे बदलतात तिथे तो नको. पोलीस ठाण्यात माहिती जरूर द्या, पण हे सगळ्यांसाठीच असतं असं सांगून. आधार कार्डाची झेरॉक्स घ्यावी, मूळ कार्ड ताईंकडेच राहावं.

उलट बाजूनेही नियम आहेत. चौदा वर्षांखालची मुलगी कामाला ठेवणं गुन्हा आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकाम करणाऱ्या स्त्रियाही येतात, आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. ताईंना हे माहीत असू द्या.

६. कागदपत्रं

एक सकाळ काढा. महाराष्ट्रात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे, तिथे १८ ते ६० वयाच्या घरकामगारांची नोंदणी होते. असंघटित कामगारांसाठीचं सरकारी ई-श्रम कार्ड काढा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. हप्ता तुम्हीच भरलात तरी एका वडापावाइतकाच खर्च.

७. गावी जाताना

जत्रा, पंचमी, भावकीतलं लग्न या तारखा आधीच विचारून कॅलेंडरवर लिहा, म्हणजे बदलीची बाई महिनाभर आधी सांगता येते. बदलीची आदल्या दिवशी यावी आणि ताईंनी तिला औषधांचे डबे, आजींना उचलायची पद्धत, चहात साखर किती हे सगळं दाखवावं. या दिवसाचा पगार दोघींना द्या. हिशोब निघायच्या आदल्या रात्रीच मिटवा, सकाळच्या एसटीच्या घाईत नको. आणि परत यायची तारीख ठरवताना दोन दिवस जास्तीचे धरा, कारण ते लागतातच.