जुन्या दगडी इमारतीत विजेची बचत आणि सौरऊर्जा: कामाचा क्रम कसा ठेवावा

साताऱ्याच्या जुन्या पेठांत काळ्या दगडाच्या, दोन-दोन फूट जाड भिंतींचे वाडे आणि पुढे बिऱ्हाडांत वाटले गेलेले त्यांचे मजले अजून नांदते आहेत. अशा इमारतीचे वीजबिल कमी करायचे म्हटले की चर्चा थेट सौर पॅनेलवर जाते. आधी छप्पर, मग ओल, मग वायरिंग आणि शेवटी सौर, असा क्रम ठेवला तर संच लहान लागतो आणि जुन्या बांधकामालाही धक्का पोहोचत नाही.

सुरुवातीला घर कोठून तापते ते शोधावे. एप्रिलमध्ये रात्री नऊच्या सुमारास वरच्या मजल्यावर स्टुलावर चढून छताला आणि नंतर भिंतीला तळहात लावून पाहावा. बोळातली सावलीतली दगडी भिंत बहुधा गारच लागते, कारण जाड दगड उष्णता सावकाश घेतो आणि सावकाश सोडतो; स्लॅब किंवा पत्रा मात्र तेव्हाही चटका देत असतो. म्हणून भिंतींना आतून थर्माकोल किंवा प्लायवूड ठोकणे हा खर्च वाया जातो, शिवाय त्यामागची ओल दिसेनाशी होते. खर्च छपरावर करावा. स्लॅबच्या भेगा बुजवून, वॉटरप्रूफिंग करून त्यावर पांढरा, ऊन परतवणारा रंग किंवा निदान चुन्याची सफेदी द्यावी. पत्र्याखाली मध्ये हवा राहील असे अंतर सोडून उष्णतारोधक छत बसवावे. कौलारू वाड्यात तक्तपोशी (कौलांखालचे लाकडी फळ्यांचे छत) शाबूत असेल तर ती काढू नये, मोडली असेल तर दुरुस्त करावी. पश्चिमेच्या खिडक्यांवर बाहेरून बांबूची चिक सोडावी. दिवसा खिडक्या बंद आणि रात्री समोरासमोरच्या उघड्या, ही जुनी सवय जाड भिंतींच्या घराला अजूनही सर्वांत जास्त मानवते.

ओलीचा प्रश्न विजेपासून दूरचा वाटतो, पण तसा नाही. ओला दगड कोरड्या दगडापेक्षा उष्णता जास्त वाहून नेतो, त्यामुळे पावसाळ्यात आणि थंडीत खोली गारठते आणि हीटर लागतो. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतले पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. काही पावसाळ्यांत गिलावा फुगतो आणि पोपडे सुटतात. येथे चुन्याच्या घाणीत (चक्कीत) मळलेल्या चुन्याचाच गिलावा हवा. तो जाणणारा गवंडी मिळेपर्यंत थांबावे लागले तरी चालेल. पन्हळी आणि पायथ्याची गटारे मात्र मृगाच्या आधीच साफ करावीत.

त्यानंतर वायरिंग. लाकडी पट्टीवरची वायर, किटकॅट फ्यूज आणि अर्थिंगचा पत्ता नाही, अशी स्थिती असेल तर सौर संचाचा विचारच करू नये. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून अर्थिंग, एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळू लागली की ती तोडणारा स्विच) बसवून घ्यावेत. घरातील सर्व उपकरणे बंद करूनही मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत राहिला, तर कोठेतरी गळती आहे किंवा शेजारची जोडणी आपल्या मीटरवर आहे, असे समजावे. साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा सुमारे ३० वॅट. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात. पाण्याच्या टाकीला फ्लोट स्विच लावला की टाकी भरून वाहेपर्यंत पंप चालू राहत नाही.

आता सौर. एक किलोवॅट संचाला सावली नसलेली सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला साधारण चार युनिट वीज मिळते. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, सुमारे १७ ते १८ अंशांच्या उतारावर बसवावीत. साताऱ्याच्या दक्षिणेला अजिंक्यतारा आणि पश्चिमेला यवतेश्वर असल्याने डोंगराच्या पायथ्याच्या घरांनी डिसेंबरात सकाळ-संध्याकाळची सावली पाहूनच जागा ठरवावी. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात म्हणून गच्चीवर छोटी पवनचक्की बसवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण दाटीच्या वस्तीत वारा अडतो आणि भोवंडतो.

जुन्या छपराला पॅनेलच्या वजनापेक्षा वाऱ्याची ओढ अधिक घातक असते. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यावी आणि सांगाड्याचे पाय शक्यतो भारवाहू भिंतींच्या रेषेवर घ्यावेत. दोनशे लिटरच्या सौर बंबात पाण्याचेच वजन दोनशे किलो असते, तो लाकडी तुळयांवर ठेवू नये.

कागदपत्रांत खरी अडचण गच्ची कोणाची, ही असते. सोसायटी असेल तर सभेचा ठराव, वाडा असेल तर मालक आणि सर्व भाडेकरूंची लेखी संमती घ्यावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला दोन किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळते. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी ते प्रति किलोवॅट १८,००० रुपये आहे. अर्ज योजनेच्या पोर्टलवर करून नोंदणीकृत विक्रेताच निवडावा आणि नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर) बसेपर्यंत संच सुरू करू नये. बॅटरी नसलेला संच वीज गेली की सुरक्षिततेसाठी आपोआप बंद पडतो, हे सर्व बिऱ्हाडांना आधीच सांगून ठेवावे. पहिले बिल आले की त्यातील आयात आणि निर्यात युनिटचे आकडे मीटरवरील नोंदीशी ताडून पाहावेत.