पाणचक्कीचे फोटो: ट्रायपॉड, सीपीएल आणि ढगाळ सकाळ

अमेरिकेत राहणाऱ्यांनी ऑक्टोबरमध्ये फॉल कलर्स बघायला जाताना वेस्ट व्हर्जिनियातल्या बॅबकॉक स्टेट पार्कची ग्लेड क्रीक ग्रिस्ट मिल, म्हणजे पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी, अजिबात चुकवू नका. दिसते शंभर वर्षं जुनी, पण ती १९७६ मध्ये तीन जुन्या गिरण्यांचे भाग जोडून उभी केलीये, आणि पीठ अजूनही दळतात बरं का.

ऊन असेल तर पाणी पांढरंफटक येतं, म्हणून ढगाळ दिवस किंवा एकदम पहाट बघा. ओढ्याच्या खालच्या अंगाला खडकांवर ट्रायपॉड लावायचा, शेवाळावर पाय सटकतो, माझा गुडघा एकदा चांगलाच फुटलाय, तेव्हा कॅमेऱ्याआधी बूट बघा. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सचं छिद्र) ११, शटर अर्धा सेकंद, म्हणजे पाणी दुधासारखं येतं पण त्याचे धागे दिसतात, ५-१० सेकंद ठेवलं की नुसता कापूस. चाक फिरत असेल तर त्याचा वेगळा फोटो १/६० ला घ्या नाहीतर आरे पुसले जातात. सीपीएल फिल्टर (लेन्सवर लावायचा, चकाकी कापणारा पोलरायझर) फिरवला की ओल्या दगडांवरची चकाकी जाते आणि पानांचा लाल रंग उठून येतो.

पण व्हर्जिनियात ब्लू रिज पार्कवेवरच्या मॅब्री मिलला उलटं करा, तिथे समोरच्या तळ्यातलं प्रतिबिंब हाच खरा फोटो, आणि सीपीएल नेमका तोच खातो! वारा सुटायच्या आत पोचा.