सामाईक विहिरीची पाळी अडली तर

आधी कागद पाहा. खरेदीखतात किंवा वाटपपत्रात विहिरीचा हिस्सा आण्यांत लिहिलेला असतो. तो सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात उतरला आहे का, हे तपासा. नसेल तर तलाठ्याकडे फेरफारासाठी अर्ज द्या.

पाळी घड्याळावर लावू नका. थ्री-फेज वीज गेली की ज्याची पाळी त्याचंच नुकसान, आणि बहुतेक वाद इथूनच पेटतात. स्टार्टरला अवर मीटर जोडा. मोटर प्रत्यक्ष चालली तेवढेच तास मोजले जातात. 16 तासांची फेरी धरली तर 8 आण्यांना 8 तास, 4 आण्यांना 4. उन्हाळ्यात मोटर बंद ठेवून रात्रभरात पाणी किती चढतं ते टेपने मोजा. 4 मीटर व्यासाच्या विहिरीत 1 मीटर चढ म्हणजे सुमारे 12,500 लिटर. झरे तेवढंच देत असतील तर तासही त्या बेताने कमी करा, नाहीतर शेवटच्या पाळीवाल्याला गाळच मिळतो.

तरीही कुणी मोटर काढली, पाइप तोडला, तर फोटो आणि पंचनामा ठेवा. मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा लावा. मुदत 6 महिन्यांचीच आहे. गावकीच्या बैठकांत ती घालवू नका. तहसीलदार वहिवाट पाहतात, मालकीचा निवाडा दिवाणी न्यायालयात होतो. दुसऱ्याच्या शेतातून पाट न्यायचा असेल तर अर्ज महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 49 खाली करा.